लाजऱ्या भावाचं ‘क्रश’ : ताई-दादांनो, या चुका टाळा

माझा भाऊ देवगडला अकरावीत आहे, दुसऱ्यांच्या घरी गेला तर तहान लागली तरी पाणी मागणार नाही असला लाजरा. अशा पोराला कोणीतरी आवडतं आणि तो ते घरात फक्त तुम्हाला सांगतो, तर गप्प बसायचं. पण आपण लगेच मदतीला धावतो आणि वाट लावतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘फक्त हिलाच सांगते’. मी केलीय. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या दिवशी, मुंबईहून चाकरमानी आलेले, घर भरलेलं, नारळ खवताना मी चुलतबहिणीला त्या मुलीचं नाव सांगितलं. भाऊ स्टुलावर चढून माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी चौकटीला, कवंडळाची रानफळं बांधत होता तेवढ्यात काका खालून ओरडले, “आमचो झील मोठो झालो रे!” (आमचा मुलगा मोठा झाला रे!) आणि सगळे हसले. त्याचे हात तसेच सुतळीवर थांबले, कान लाल, मग खाली उतरला आणि थेट मागच्या पडवीत. त्याहून वाईट म्हणजे बहिणीने त्या मुलीला इन्स्टावर मेसेज टाकला आणि तो तिच्या घरी कळला, मग तिची आई रोज तिला एसटीत बसवायला स्टँडवर यायला लागली. गावात एकच एसटी, एकच बाजार, आपल्या गमतीची किंमत मुलगीच भरते हे मला तेव्हा सुचलं नाही. भाऊ दिवाळीपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही.

त्याच्या फोनवरून तुम्ही चॅट करणं ही दुसरी चूक. तुम्ही लिहिलेलं वाचून ती हसेल, पण उद्या समोर येईल तेव्हा बोलणार कोण? दोन दिवसांत हो की नाही पाहिजे, ही घाई आपलीच असते, त्याला तर ‘नोट्स देशील?’ एवढं विचारायलाच महिना लागतो आणि लागू दे की.

14 फेब्रुवारीला सगळ्यांसमोर प्रपोज वगैरे अजिबात नको, परीक्षांचे दिवस असतात आणि लोकांसमोर त्या मुलीला नाही म्हणता येत नाही. ती नाही म्हणाली तर विषय संपला, ‘अजून एकदा विचार’ म्हणून पोराला परत पाठवू नका.

फोटोंचं मात्र लाजत न बसता स्पष्ट सांगा. पॉक्सो हा मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा 2012 चा कायदा आहे, 18 च्या आतलं कोणीही कायद्याने मूलच, तसले फोटो मागायचे नाहीत, ठेवायचे नाहीत, पुढे पाठवायचे नाहीत. कोणी धमकावत असेल तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि घरच्यांना सांगा, त्यात लपवालपवी नको.

मी आता समोर बसवून काहीच विचारत नाही. स्कूटीवर मागे बसवून कुणकेश्वरला नेते, तोंड दिसत नसलं की तो आपणहून बोलतो. माफीही तिथेच मागितली, तो “हं” म्हणाला फक्त. यंदा माटवी बांधताना स्टूल धरायला त्याने मलाच हाक मारली, बाकी काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.