खाजकुयरी : ओळखायची कशी, बी काढायचं कसं आणि वावरात लावायची कोणती

दिवाळी झाली की धुऱ्यावरच्या बोरी-बाभळीवर न् कुपाटीवर खाजकुयरीच्या शेंगा पिकायला लागतात, आणि कापूस वेचायला बाया त्या बाजूनं गेल्या की तक्रार सुरू, मंग कोणीतरी वेलाला काडी लावून मोकळं होतं. माझं म्हणणं आहे की काडी लावू नका. एकतर जाळताना शेंगेवरची कूस म्हणजे बारीक केस उडतात आणि वाऱ्याच्या दिशेनं जो असेल त्याचे हाल होतात, आणि दुसरं म्हणजे हा वेल कामाचा आहे. फक्त जंगलातली खाजरी जात कुठवर ठेवायची आणि वावरात कोणती आणायची हे नीट कळलं पाहिजे.

आधी ओळख. पावसाळ्यात पान पाहून बरेच जण फसतात, कारण पळसासारखी तीन-तीन पानं असतात, पण पळसाचं पान जाड चामड्यासारखं न् हिचं पातळ, खालून मऊ लव असलेलं. बाजूची दोन पानं एका अंगाला फुगलेली, मधलं तेवढं सरळ, हे एकदा बघितलं की विसरत नाही. पावसाळा संपता संपता गर्द जांभळ्या फुलांचे घोस खाली लोंबतात. मंग शेंग येते, बोटाएवढी, दोन्ही टोकांना उलट वाकलेली, अंगावर उभ्या शिरा आणि त्यावर दाट कूस, आधी फिक्कट अन् पिकल्यावर सोनेरी-तपकिरी. उन्हात लांबून मखमल वाटते आणि लेकरं हात लावतात ते त्याच्यामुळंच. आत चार ते सहा बिया, चकचकीत काळ्या नाहीतर कबऱ्या, आणि जिथं शेंगेला चिकटलेल्या असतात तिथं पांढरी कड.

खाज का सुटते तेही समजून घ्या, कारण उपाय त्यावरच आहे. प्रत्येक कूस म्हणजे बारीक टोकदार सुई, ती कातडीत रुतते आणि तिच्यातलं म्युकुनेन नावाचं प्रोटीन कातडीतल्या नसांना थेट चाळवतं. नेहमीच्या अॅलर्जीच्या खाजेत शरीर हिस्टामिन सोडते, इथली खाज मुख्यतः त्या वाटेनं येतच नाही, म्हणून मेडिकलमधून आणलेली अॅलर्जीची गोळी घेऊनही पाहिजे तसा आराम पडत नाही. कूस काढणं हाच खरा इलाज. खाजवायचं नाही, चोळायचं नाही, लगेच टॉवेलनं पुसायचंही नाही, चोळलं की कूस अजून आत जाते आणि दुसरीकडे पसरते. चिकटपट्टी असेल तर ती अलगद दाबून उचला, नसेल तर कणकेचा घट्ट गोळा घ्या आणि त्या जागेवर दाबत दाबत फिरवा, दोन-तीनदा नवीन गोळा घ्या, वापरलेली कणीक ढोरांना टाकू नका, पुरून टाका. सगळी निघाली असं वाटल्यावर मंग भरपूर पाण्यानं धुवा. शेण न् राख लावायची जुनी पद्धत आहे, सुकलं की कूस त्यात धरून निघते हे बरोबर, पण खाजवून कातडी फुटलेली असेल तर शेण अजिबात नको, धनुर्वाताची भीती असते. डोळ्यात गेली तर न चोळता स्वच्छ पाण्याची धार धरा आणि सरळ दवाखाना गाठा. अंगावरचे कपडे बाकीच्या धुण्यात मिसळू नका.

आता बी काढायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ निवडणं. पहाटे दव पडलेलं असताना जा, कूस ओली असते तं उडत नाही. उन्हं वर आली, वारा सुटला की काम बंद करायचं, मजूर लावलेले असले तरी बंद. पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे, मोज्याच्या तोंडावर शर्टाची बाही ओढून दोरीनं बांधलेली, तोंडाला ओलं फडकं, डोळ्याला चष्मा. हातानं ओढू नका, लांब दांडीच्या आकडीनं किंवा कात्रीनं घोस कापा आणि खाली ओलं पोतं धरून त्यातच पडू द्या. पोतं घरी नेऊन अंगणात पसरायचं नाही. वावरातच, वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे वारा आपल्या पाठीकडून शेंगांकडे जाईल असं बसा, शेंगांवर पाणी शिंपडा आणि पोत्यात बंद करूनच काठीनं बडवा. टरफलं तिथंच खड्डा करून पुरा. बिया पाण्यात दोन-तीन वेळा धुऊन घ्या, सावलीत सुकवा, मंगच घरात आणा.

पण वावरात मुद्दाम लावायची असेल तर ही जंगली जात लावू नका. हिच्याच कुळातली बिनखाजेची जात मिळते, शेंगेवर मऊ लव असते पण टोचत नाही, बी पांढरं, काळं किंवा कबरं असतं. बी विकणाऱ्याकडून घेताना हे स्पष्ट विचारून घ्या. रात्रभर पाण्यात भिजवा, फुगत नसेल तं पांढऱ्या कडेच्या उलट बाजूला पॉलिश पेपरनं थोडं घासा. मृगाचा चांगला पाऊस झाला की बोटाच्या दोन पेरांएवढं खोल टोबा. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तिथं हा वेल पिवळा पडतो, म्हणून धुरा, मुरमाड उतार किंवा सरीचा वरंबा बघा. बियांसाठी घ्यायचा असेल तं मीटरभर अंतर ठेवा आणि बांबू-तारेचा आधार द्या. सोयाबीनमध्ये अजिबात नको, झोपवून टाकेल. मक्यात लावायचा तं मका गुडघ्याच्या वर गेल्यावरच.

संत्र्यावाल्यांनी हे जरा लक्ष देऊन वाचा. अमेरिकेत फ्लोरिडात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून संत्र्याच्या बागांमध्ये हाच बिनखाजेचा वेल हिरवळीचं खत म्हणून लावत होते आणि ढोरांनाही खाऊ घालत होते. वरूड-मोर्शी, काटोलच्या बागांमध्ये दोन ओळींच्या मधात हा वेल पसरला की तण दबते, माती झाकली जाते आणि मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरतात. एक रोप उपटून गाठ नखानं फोडून पाहा, आत गुलाबी-लाल असेल तं ती काम करून राहिली आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तं नाही. दिवस लहान व्हायला लागले की वेल फुलावर येतो, तेव्हाच कापून मातीत मिसळा. झाडाच्या बुडापासून मात्र तो लांब ठेवा, दर आठ-पंधरा दिवसांनी शेंडे मागे वळवा, दुर्लक्ष केलं तं संत्र्याच्या डोक्यावर चढून ऊन अडवेल.

राहिलं औषध. आयुर्वेदात हे बी कपिकच्छू म्हणून येतं, गाईच्या दुधात शिजवून, साल काढून, सुकवून मंग चूर्ण करतात. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून एल-डोपा वेगळा काढला, आणि आज पार्किन्सनच्या म्हणजे कंपवाताच्या पेशंटला देतात ते मुख्य औषध हेच रसायन आहे. म्हणूनच मी हात जोडून सांगते, बाजारातून चूर्ण आणून कोणाच्या म्हाताऱ्या बापाला चमच्यानं देऊ नका. त्यांची कंपवाताची गोळी आधीच चालू असेल तं डोस दुप्पट झाल्यासारखं होते, मळमळ, चक्कर, बीपी उतरणं, भास होणं, सगळं होऊ शकते. डिप्रेशनच्या काही गोळ्यांसोबत तं फारच वाईट. गरोदर बाईला नको, मानसिक आजाराचा त्रास असेल त्याला नको. डॉक्टरला किंवा शिकलेल्या वैद्याला दाखवून, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत नेऊन विचारा.

खायचं म्हणाल तं काही ठिकाणचे आदिवासी हे बी पुन्हा पुन्हा पाणी बदलून उकळून खातात, एल-डोपा पाण्यात उतरतो म्हणून प्रत्येक वेळचं पाणी फेकावंच लागते. १९८९ मध्ये मोझांबिकमध्ये दोनशेच्या वर माणसं हे बी खाऊन भ्रमिष्ट झाल्यासारखी आजारी पडली होती. आपल्याकडे तूर, वाल, पोपटाच्या शेंगा, बरबटी असताना हे बी ताटात घ्यायची गरज नाही. कोंबड्यांनाही कच्चं टाकू नका. हिरवा पाला ढोरांना देता येतो, पण थोडा, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून, आणि जंगली वेलाला शेंगा धरल्या असतील तं तो पाला दावणीला न्यायचाच नाही.

पुढच्या वर्षीचं बी ठेवायचं तं खणखणीत सुकलेलं, कडुनिंबाचा पाला टाकून डब्यात ठेवा, डब्यावर नाव लिहून चिठ्ठी चिकटवा आणि उंचावर ठेवा, कारण घरात लेकरं असतात आणि काळं चकचकीत बी त्यांना खेळायला फार आवडते.