शिकागो १८९३ ची पदकं जमवताय? या चुका टाळा

पुण्यातल्या एका नाणे प्रदर्शनात एक आजोबा रुमालात गुंडाळलेलं मोठं पदक घेऊन माझ्या टेबलापाशी आले. मुलगा अमेरिकेत असतो, त्याने तिकडून आणलेलं. "अहो, काळंकुट्ट होतं हो. दिवाळीत समया घासायला काढल्या, तेव्हा हेही चिंच-मिठात टाकलं. बघा, कसं लख्ख निघालंय." रुमाल उलगडला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात पारितोषिक म्हणून दिलेलं अस्सल कांस्यपदक होतं ते. कोलंबसाच्या झग्याच्या चुण्यांत सव्वाशे वर्षं मुरलेला तपकिरी रंग गेला होता आणि खालून नव्या तांब्यासारखा गुलाबी धातू डोकावत होता.

आजोबांचा दोष नाही. आपल्या घरात तांब्या-पितळेवर प्रेम करायची रीतच ती. पण पदक हे भांडं नाही, कागदपत्र आहे. कोणी बनवलं, कोणाला दिलं, कशासाठी दिलं, हे सगळं त्याच्या पृष्ठभागावर लिहिलेलं असतं. हे लक्षात न घेतल्यामुळे लोक काय काय गमावतात ते मी इतक्या वेळा पाहिलंय, की आता सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं.

थोडी पार्श्वभूमी. कोलंबस अमेरिकेला पोहोचल्याला चारशे वर्षं झाली म्हणून शिकागोत हे प्रदर्शन भरलं. उद्घाटन समारंभ ऑक्टोबर १८९२ मध्ये झाला, पण प्रदर्शन लोकांसाठी खुलं झालं १ मे १८९३ ला आणि ३० ऑक्टोबरला संपलं. सुमारे पावणेतीन कोटी लोक येऊन गेले. पहिलं फेरिस व्हील, म्हणजे २६४ फुटी अजस्र पाळणा, तिथलाच. इतक्या गर्दीला विकायला शेकडो प्रकारची पदकं, टोकनं, बिल्ले निघाले. त्यामुळे संग्राहकाला शिकागो १८९३ हा समुद्र आहे. त्यात मोतीही आहेत, पण बहुतेक शिंपलेच.

"सुवर्णपदक" शब्दावर भाळणं

शिकागोच्या परीक्षकांनी सोनं, रुपं, कांस्य अशा पायऱ्या ठेवल्याच नव्हत्या. जो कसोटीला उतरला त्याला एकच पदक, तेही कांस्याचं, आणि सोबत नक्षीदार प्रशस्तिपत्र. त्यामुळे "शिकागो प्रदर्शनाचं अधिकृत गोल्ड मेडल" असं कोणी म्हणालं, की तो एक तर मुलामा दिलेल्या स्मरणिकेबद्दल बोलतोय किंवा त्याला माहिती नाही. आपल्याकडे हा घोळ राजा रविवर्म्यांमुळे फार पसरलाय. त्यांनी दहा चित्रं शिकागोला पाठवली होती, त्यांना पारितोषिकही मिळालं, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईत छापखाना काढला, जो नंतर मळवलीला गेला. त्यांच्याबद्दल लिहिताना अनेक ठिकाणी "शिकागोची सुवर्णपदकं" असं सर्रास छापलेलं असतं. रविवर्म्यांचं मोठेपण त्याने तसूभर वाढत नाही, पण त्या वाक्यावर विसंबून कोणी पिवळंधमक पदक विकत घेतलं तर पैसे मात्र जातात.

नावाची पट्टी न वाचणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. म्हणून इथे जरा थांबू.

अधिकृत पारितोषिक पदक ७६ मिलिमीटरचं, म्हणजे जवळजवळ तीन इंची. दर्शनी बाजू ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराची. किनाऱ्यावर पाऊल टाकणारा, हात पसरलेला कोलंबस, मागे त्याचे सोबती. मागची बाजूही त्यांनीच केली होती, हातात मशाल घेतलेला एक विवस्त्र मुलगा. त्याचं ओबडधोबड चित्र एका कंपनीने आपल्या जाहिरातीत छापलं, बोभाटा झाला आणि सरकारने ती बाजू नाकारली. मग टांकसाळीचे मुख्य खोदकार चार्ल्स बार्बर यांनी नवी बाजू घडवली. सेंट-गॉडन्स यांनी टांकसाळीला या गोष्टीसाठी मनापासून माफ केलं असं काही दिसत नाही. पदकं स्कोव्हिल या कंपनीने वॉटरबरी इथे पाडली, २३,००० हून जास्त, आणि विजेत्यांच्या हातात पडेपर्यंत १८९६ उजाडलं.

बार्बरच्या बाजूला मजकुराच्या खाली विजेत्याचं नाव असतं. हे नाव मागाहून कोरलेलं नसतं. मुख्य ठशात एक छोटी जागा सोडलेली होती, तिथे प्रत्येक विजेत्याच्या नावाचा वेगळा तुकडा बसवायचे आणि मगच पदक पाडायचे. म्हणून अक्षरं उठावाची असतात. दहापट भिंगाखाली पदक तिरकं धरा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या. नावाभोवती त्या तुकड्याची अगदी बारीक चौकट जाणवते, कधी नावाची पातळी बाजूच्या पातळीपेक्षा किंचित वेगळी लागते. ती रेघ पाहून "इथे काहीतरी जोडलंय, खोटं आहे" म्हणून अस्सल पदक परत करणारे लोक मी पाहिलेत. उलट, खोलगट कोरलेलं नाव असलेलं पदक "वा, नाव काय सुबक कोरलंय" म्हणून घेणारेही पाहिलेत. नाव खोलगट दिसलं की थांबा आणि जाणकाराला दाखवा.

त्याच भिंगाने कडही बघा. विजेप्रक्रियेने केलेल्या नकला दोन पातळ कवचं जोडून, आत शिसं भरून बनवतात. कडेला फिरणारी जोडाची रेघ कुठेतरी सापडतेच. बोटावर तोलून पेन्सिलीने हलकं टिचकवलं तर ठशाचं पदक नाद देतं, ही नक्कल बद्द वाजते. ओतीव नकलेत अक्षरांच्या मुळाशी धार नसते, सपाट जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि धातू थंड होताना आक्रसल्यामुळे व्हर्नियर मोजपट्टीवर माप थोडं कमी भरतं.

आणि नावावरच किंमत ठरते. तेच पदक, तोच ठसा, पण नाव विस्मृतीत गेलेल्या पेढीचं असेल तर एक भाव आणि नामवंताचं असेल तर कितीतरी पट. नाव न वाचता घेतलेलं पदक म्हणजे सातबारा न पाहता घेतलेली जमीन. प्रशस्तिपत्र सोबत मिळत असेल तर "कागद नको, नुसतं मेडल द्या" असं कधीच म्हणू नका. ही जोडी एकदा फुटली की पुन्हा जुळत नाही.

धातू नजरेने ठरवणं

स्मरणिकांमध्ये पांढरा धातू, म्हणजे कथलाची मिश्रधातू, भरपूर वापरला गेला. ॲल्युमिनियमही खूप. १८८६ मध्ये ते काढायची विजेची पद्धत सापडली होती, भाव उतरत होते आणि लोकांना या हलक्या धातूची नवलाई होती. अधिकृत पदकाची डबीसुद्धा ॲल्युमिनियमचीच. ही दोन्ही "चांदी" म्हणून विकली जातात.

माझी घरची तपासणी सांगतो. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा घ्या. आधी पदक कोरडं तोला. मग काट्यावर डिस्टिल्ड वॉटरची वाटी ठेवून काटा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेलं पदक पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. जो आकडा येईल त्याने आधीच्या वजनाला भागा. मागे माझ्याकडे "चांदीचं" म्हणून एक पदक आलं. कोरडं २४.६ ग्रॅम, पाण्यातला आकडा ३.४, भागाकार साधारण ७.२. कथील! नव्वद टक्के चांदी १०.३ च्या आसपास येते, कांस्य ८.८ च्या आगेमागे, ॲल्युमिनियम २.७. तपासून झालं की लगेच टिपून कोरडं करा. मुलामा असेल तर डोळे फसतात, भागाकार फसत नाही.

सनावळी आणि दंतकथा

पदकावर १८९२ दिसलं म्हणून ते नकली ठरत नाही. समारंभ १८९२ चा, प्रदर्शन १८९३ चं, दोन्ही साल बरोबर. मात्र शिकागोत १९३३ साली दुसरं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, आणि १८९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वेगळंच एक. त्यांची पदकं "शिकागो वर्ल्ड फेअर" किंवा "१८९३ चं" म्हणून गळ्यात मारली जातात. १९९२ मध्ये कोलंबसाची पाचशे वर्षं साजरी झाली, त्याही वेळी पदकं निघाली.

आपल्याकडची खास दंतकथा म्हणजे "विवेकानंदांच्या परिषदेचं मेडल". स्वामीजींचं ११ सप्टेंबर १८९३ चं भाषण ज्या सर्वधर्म परिषदेत झालं ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली, हे खरं. मुंबईचे बी. बी. नागरकरही तिथे बोलले होते. पण परिषद प्रदर्शनाच्या मैदानावर नव्हती. मैदान जॅक्सन पार्कात, तर परिषद तिथून बरीच उत्तरेला, मिशिगन ॲव्हेन्यूवर, आज जिथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे त्या इमारतीत. कोलंबस किंवा पाळणा असलेली साधी स्मरणिका कोणी स्वामीजींच्या नावाने दुप्पट भावात देऊ लागलं, तर एकच प्रश्न विचारा: परिषदेचा उल्लेख यावर कुठे आहे?

जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे

कोलंबियन हाफ डॉलर हे अमेरिकेचं पहिलं स्मरणनाणं. १८९२ सालची साडेनऊ लाख आणि १८९३ सालची चाळीस लाखांवर पाडली. एक डॉलरला विकायची होती, खपली नाहीत. बरीचशी वितळवली, उरलेली पन्नास सेंटच्या भावाने बाजारात सोडून दिली. म्हणून झिजलेली नाणी आजही ढिगाने मिळतात. त्याच प्रदर्शनाचा इसाबेला क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरचं स्मरणनाणं, मात्र सुमारे २४,००० एवढाच उरला. घेण्याआधी वस्तूचा एग्लिट क्रमांक (एग्लिट यांच्या कोलंबस-पदकांच्या सूचीतला), आणि डॉलरएवढी पदकं असतील तर एचके क्रमांक (हिब्लर आणि कॅपेन यांच्या सूचीतला) विचारायची सवय लावा. क्रमांक सांगता न येणारा विक्रेता "फार रेअर आहे" म्हणाला तर ते त्याचं मत झालं.

उलटंही घडतं. यंत्रातून दाबून लांबुळकी केलेली सेंटची नाणी लोक "खराब झालेलं" म्हणून टाकून देतात. त्यावर प्रदर्शनाचं नाव असेल तर ती तिथली स्मरणिका आहे. अमेरिकेत ही पद्धत याच प्रदर्शनातून सुरू झाली.

घरातली हानी

मुंबई-कोकणची हवा या पदकांची मोठी वैरी. त्यात आपण ती मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी पाकिटांत ठेवतो. हे प्लास्टिक हळूहळू आम्ल सोडतं आणि पदकावर हिरवट, चिकट थर येतो. तो लवकर लक्षात आला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून निघतो. काचेची वाटी घ्या, खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि रंग असतात. बाहेर काढल्यावर पुसायचं नाही, टिपायचं. नंतर मायलर, म्हणजे पॉलिएस्टरच्या पारदर्शक प्लास्टिकचं, पाकीट.

कांस्य कळकतं तेव्हा दोन प्रकार ओळखायला शिका. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असेल तर घाबरू नका, तसाच राहू द्या. पण फिकट हिरवी, भुकटीसारखी पुटकुळी दिसली आणि टूथपिकने काढल्यावर पावसाळी हवेत पुन्हा उगवली, तर ते पितळेवरच्या नेहमीच्या डागासारखं नाही. क्लोराइड आत शिरलंय आणि दमट हवेत ते धातू पोखरत जातं. असं पदक त्याच दिवशी सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात टाका आणि धातूचं जतन करणाऱ्या माणसाला दाखवा. चिंच, लिंबू, राख यांपैकी काहीही लावू नका.

ॲल्युमिनियमच्या डबीला सोडा किंवा डिटर्जंट लावला तर ती पांढरी पडते. आणि पावसाळ्यात कांस्यपदक तिच्यातच ठेवलं तर दोन धातूंच्या स्पर्शाने ॲल्युमिनियम खराब होतं. डबी जपा, पण पदक वेगळं ठेवा. रबरबँड तर चुकूनही नको, त्यातल्या गंधकाने चांदीवर काळी रेघ उमटते.

एक कायद्याची गोष्ट. भारतात १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवण्यावर निर्बंध आहेत. १८९३ चं पदक ग्रेडिंगसाठी, म्हणजे अस्सलपणा तपासून दर्जा ठरवून घ्यायला, सहज अमेरिकेला पोस्ट करायला निघाल, तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. आणताना ग्रेडिंग तिकडेच करून आणणं सोयीचं.

त्या आजोबांचं पदक आम्ही पुन्हा काळं केलं नाही. तसे मसाले मिळतात, पण खोटा रंग चढवणं म्हणजे दुसरी चूक. डिस्टिल्ड वॉटरने मिठाचा अंश काढला, टिपलं, मायलरमध्ये घातलं. नाव भिंगाखाली वाचलं, एका अमेरिकन यंत्र कारखानदाराचं होतं, अक्षरं शाबूत. सोबतच्या चिठ्ठीवर मी माप, वजन, नाव लिहिलं आणि आजोबांनी शेवटची ओळ स्वतःच्या हाताने लिहिली: "दिवाळीत चिंच-मिठाने घासले."