हिंटरमान कोण?

पहिल्या सरावाला मला वाटलं, या संघात हिंटरमान नावाचा कुणीतरी फार मोठा खेळाडू असणार. माझ्याकडे पास आला रे आला की सगळे त्याच्या नावानं ओरडायचे. मी आपला चेंडू घेऊन थाटात वळायचो आणि वळल्या वळल्या कुणाच्या तरी खांद्यावर आपटून खाली बसायचो. तिसऱ्यांदा बसल्यावर कॅप्टननं हात देऊन उठवलं आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं, हिंटरमान म्हणजे 'तुझ्या मागे माणूस आहे'.

ही जर्मनीतल्या बोखुमची गोष्ट. मी तिथे शिकायला गेलो होतो आणि तिथल्या लीगच्या आठव्या पातळीवरच्या एका क्लबात मधल्या फळीत खेळत होतो. पुढे एक पातळी वर गेलो, तिथेच थांबलो. म्हणजे मी व्यावसायिक खेळाडू नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या भागात फुटबॉल पाण्यासारखा मुरलेला आहे. चौथ्या पातळीवर पगार घेऊन खेळलेली, गुडघा गेला म्हणून खाली आलेली माणसं माझ्या शेजारी बसून बूट बांधायची. त्यांच्याकडून जे कळलं ते कोल्हापूरच्या पोरांना फोनवर सांगून सांगून तोंडपाठ झालंय. प्रश्न एकच असतो: दादा, बाहेर खेळायला जायचं तर काय करायला लागतं?

आधी कागद. हा भाग कुणालाच ऐकायचा नसतो.

अठरा वर्षांच्या आतल्या खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदवायला फिफाची बंदी आहे. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं तिकडे राहायला गेले तर, अशा मोजक्या सवलती आहेत. त्यामुळे पंधरा वर्षांच्या पोराला 'युरोपच्या क्लबात घालतो' म्हणून कुणी लाखांत पैसे मागत असेल, तर तो बहुतेक तुम्हाला महागडं शिबिर विकतोय. एजंटांसाठी फिफानं २०२३ पासून पुन्हा परीक्षा आणि परवाना आणलाय, आणि परवानाधारकांची यादी कुणालाही बघता येते. पैसे देण्याआधी नाव शोधायला पाच मिनिटं लागतात. आमच्या ओळखीतल्या एका घरानं ती पाच मिनिटं वाचवली आणि शेताचा तुकडा घालवला.

अठरा पूर्ण झाली की व्हिसा. जर्मनीचा नियम मला पाठ आहे, कारण मीही एकेकाळी स्वप्नं बघत होतो. खेळाडू म्हणून व्हिसा हवा तर तिथल्या पेन्शनविम्याचा हप्ता ज्या कमाल पगारापर्यंत कापला जातो, त्याच्या निम्मा तरी पगार क्लबनं देऊ केलेला हवा, आणि खेळाच्या संघटनेनं तुमच्या दर्जाची ग्वाही द्यायला हवी. २०२५ चा आकडा धरला तर तो पगार महिन्याला ४,०२५ युरो होतो. आठव्या पातळीवरचा क्लब एका खेळाडूला एवढे पैसे देत नाही. म्हणून खालच्या लीगमध्ये दिसणारे आपल्यासारखे बहुतेक जण विद्यार्थी नाहीतर नोकरदार असतात. आधी शिक्षण, मग संध्याकाळी फुटबॉल.

इंग्लंडची तऱ्हा वेगळी. २००९ मध्ये सुनील छेत्रीचं क्वीन्स पार्क रेंजर्सशी तीन वर्षांचं जमलं होतं, पण भारत फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तरात नाही म्हणून कामाचा परवाना मिळाला नाही. खेळाडू तयार, क्लब तयार, आणि अडलं ते देशाच्या नंबरावर! आता तिथे गुणांची पद्धत आहे, पण देशाचं स्थान आणि तुम्ही कुठल्या लीगमधून येता हे त्यातही मोजलं जातंच. मनीषा कल्याणनं वेगळी वाट धरली. गोकुलम केरळ या क्लबातून २०२२ मध्ये ती सायप्रसच्या अपोलोनला गेली आणि यूएफाच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. मोठ्या देशातल्या छोट्या क्लबापेक्षा छोट्या देशातला अव्वल क्लब बरा, हे पोरांना पटवायला मला आजही जड जातं.

तिसरा कागद म्हणजे आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र. हौशी खेळाडूलाही ते लागतं, आणि ते जुन्या देशाच्या संघटनेकडून नव्या देशाच्या संघटनेकडे जातं. भारतातल्या माझ्या एका जुन्या क्लबनं माझी नोंदणी लोंबकळत ठेवली होती. झालं, अख्खा पावसाळी शरद मी सराव केला आणि रविवारी तीन वाजता, सामना सुरू होताना, पाण्याच्या बाटल्या भरत बसलो. निघण्याआधी जुनी नोंदणी स्वतः डोळ्यांनी बघा. 'करतो की' यावर विसंबू नका.

आता खेळ.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मी 'चेंडू पायाला चिकटतो' म्हणून ओळखला जायचो. दोघांना चकवलं की गॅलरी उसळायची. तेच बोखुमला अवगुण ठरलं. आमचा प्रशिक्षक, दिवसा ट्रक दुरुस्त करणारा माणूस, माझ्या पाठीमागे दहा पावलांवर उभा राहायचा. हातात लाल, पिवळा, निळा असे सरावाचे तीन प्लास्टिकचे कोन. समोरून पास निघाला की तो एक कोन वर करायचा आणि चेंडू माझ्या पायाशी पोहोचायच्या आत मी रंग ओरडायचा. त्यासाठी मान वळवायला लागते, तीही पास निघण्याआधी एकदा आणि चेंडू वाटेत असताना पुन्हा एकदा. पहिले दोन आठवडे मी अंदाजे 'पिवळा' ओरडायचो. त्याला कळायचं. मग तो एकही कोन वर करायचा नाही आणि मी तरी 'पिवळा' ओरडायचो, आणि सगळे हसायचे.

मधल्या फळीतल्या खेळाडूला तिथे नुसतं मिडफिल्डर कुणी म्हणत नाही. तू झेक्सर की आख्टर की त्सेनर, म्हणजे सहा (बचावफळीच्या पुढे), आठ (मधोमध) की दहा (स्ट्रायकरच्या मागे) नंबरचा? माझं उत्तर असायचं, कुठेही खेळतो. मला ते नम्रपणाचं वाटायचं. त्यांना ते 'कुठलंच नीट येत नाही' असं ऐकू यायचं.

या नंबराची किंमत काय असते ते जपानच्या शिंजी कागावाच्या कारकिर्दीत दिसतं. बोखुमच्या शेजारीच डॉर्टमुंड, त्यामुळे त्याच्याबद्दल तिथल्या प्रत्येकाला मत आहे. जपानच्या दुसऱ्या श्रेणीत सेरेझो ओसाकाकडून २००९ मध्ये त्यानं २७ गोल केले, आणि २०१० मध्ये डॉर्टमुंडनं त्याला फक्त साडेतीन लाख युरोंत आणलं. प्रशिक्षक क्लॉपनं त्याला स्ट्रायकरच्या मागे दहा नंबरला ठेवला. आल्या आल्या कट्टर प्रतिस्पर्धी शाल्केच्या मैदानावर दोन गोल, मग सलग दोन वर्षं बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, जिंकली, आणि २०१२ च्या जर्मन कपच्या अंतिम सामन्यात बायर्नविरुद्ध ५–२ मधला पहिला गोल. तिथून मँचेस्टर युनायटेड. नॉर्विचविरुद्ध हॅटट्रिक केली, लीगही जिंकली, पण त्याला बरेचदा डाव्या कडेला खेळवायचे. खेळाडू तोच, पाय तेच. जागा बदलली आणि माणूस हरवला. पुढच्या मोसमात लीगमध्ये त्याचा एकही गोल नाही. २०१४ मध्ये तो डॉर्टमुंडला परतला. मग बेसिक्तास, स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीतला सारागोसा, ग्रीसचा पाओक, बेल्जियमचा सिंट-ट्रुईडन आणि २०२३ मध्ये पुन्हा सेरेझो ओसाका. लोक ही घसरण म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. बारा-तेरा वर्षं सहा देशांत कुणीतरी तुम्हाला खेळायचे पैसे देतंय, यालाच कारकीर्द म्हणतात. करारावर सही करण्याआधी पगाराच्या बरोबरीनं 'मला कुठे खेळवणार?' हे विचारा, एवढं मात्र त्यातून मी उचललंय.

भाषेचा क्लास परवडत नसेल तर निदान मैदानावरचे शब्द घोकून जा. 'त्साइट' म्हणजे वेळ आहे, वळ. 'क्लाच' म्हणजे एका स्पर्शात चेंडू परत दे. 'हिंटरमान' तुम्हाला माहीत झालाय. आणि नुसतं ऐकू नका, ओरडा. सहा महिने मी गप्प होतो. मधला माणूस गप्प असला की मागच्यांना तो घाबरलाय असं वाटतं.

बाकी सवयी लवकर लागतात. ड्रेसिंग रूममध्ये शिरलं की प्रत्येकाशी हात मिळवायचा, राखीव गोलकीपरशीसुद्धा. उशीर झाला, पंचाशी हुज्जत घालून कार्ड घेतलं, तर संघाच्या गल्ल्यात दंड. डिसेंबरात मोसम थांबतो, अंधार साडेचारला पडतो आणि घरची आठवण येते ती तेव्हाच. लाल खडीचं एक जुनं मैदान होतं, गुडघे सोलून निघायचे. तिथे मात्र मी सगळ्यांपेक्षा सुखी होतो. कोल्हापुरात आमच्या सरावाच्या मैदानावर गवत कुठलं?

परवा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका पोरानं व्हिडिओ पाठवला. तीन मिनिटांत अकरा गोल, मागे ढोल. त्याला म्हटलं, हे नको, एक पूर्ण सामना पाठव, कापाकापी न करता. कुरकुरत पाठवला. गोल त्यात एकही नाही, आणि त्याचा संघ हरलाय. पण बाविसाव्या मिनिटाला थ्रो-इन होते, चेंडू अजून लांब आहे आणि हा गडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान वळवून बघतो. मी ते तीनदा मागे नेऊन पाहिलं, मग त्याला फोन लावला.