गाडी चालू, एसी चालू, आत लेकरू: ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणायच्या आधी काय करावं

गंगावेशीत दूध घ्यायला थांबावं आणि बघावं तर मागच्या सीटवर पोरगं गाढ झोपलेलं. उठवलं तर रडणार, कडेवर घेतलं तर कॅन कुठल्या हातात धरायचा? मग आपण हॅन्डब्रेक ओढतो, एसी तसाच ठेवतो आणि मनाशी म्हणतो, ‘आलोच की दोन मिनिटांत.’ कोल्हापुरातली दोन मिनिटं केवढी असतात हे कोल्हापूरकराला सांगायला नको. ओळखीचं कोणीतरी भेटतंच, आणि ‘काय मग, हाय कुठं सध्या?’ झाल्याशिवाय ते सोडत नाही.

मी हे स्वतः केलंय. दोन वर्षांमागचा एप्रिल, दुपारचे तीन, राजारामपुरी. आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायच्या, एवढंच काम. दुकान गाडीपासून दहा पावलांवर, आणि साडेतीन वर्षांची लेक मागे तिच्या खुर्चीत पट्टा लावून बसलेली मला काचेतून दिसत होती. दुकानात फोनवरून पैसे जाईनात, गोल नुसता फिरत राहिला. मान वळवून बघतो तर खुर्ची रिकामी. पोरगी पट्टा सोडवून पुढे ड्रायव्हरच्या सीटवर आली होती. मी पोचेपर्यंत ‘खट्’ झालं आणि चारही दारं लॉक. किल्ली आत, इंजिन चालू. मी काच बडवत होतो आणि ती खुदुखुदू हसत होती, बाबा बाहेर नाचतोय म्हणून.

थांब्यावरून एक रिक्षावाले मामा आले. त्यांनी काचेकडे बघितलंसुद्धा नाही. गटारीच्या कडेचे दोन दगड उचलले आणि उताराच्या बाजूनं चाकांना लावले. “आवो, तिनं ब्रेक खाली केला तर गाडी जाईल की पुढं. आधी हे.” हे मला सुचलंच नव्हतं. मग त्यांनी मला गप्प केलं, कारण माझं तोंड बघून आता ती रडकुंडीला आली होती. दाराच्या आतल्या हॅन्डलपाशी काचेला बोट टेकवून ते हातानं ओढल्यासारखं करत राहिले, “बाळा, हे बघ, असं. असं.” चौथ्या-पाचव्या खेपेला तिनं ओढलं. सगळी मिळून नऊ मिनिटं गेली होती. गोळ्या काउंटरवरच राहिल्या.

एसी चालू असला तरी काय होतं

बंद गाडीत मूल ठेवू नये, हे आता बऱ्याच जणांना पटलंय. ऊन असेल तर बंद गाडीच्या आतलं तापमान पहिल्या १० मिनिटांतच साधारण १० अंशांनी चढतं. काच दोन बोटं खाली ठेवून त्यात फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगानं तापतं, आणि शरीराचं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं की तो उष्माघात. अमेरिकेत १९९८ पासून अशा मृत्यूंची मोजदाद होते, तिथे वर्षाला सरासरी ३७ मुलं दगावतात. आपल्याकडे जून २०२३ मध्ये नागपुरात तीन मुलं आणि मे २०२५ मध्ये आंध्रातल्या विजयनगरम जिल्ह्यात चार मुलं उभ्या गाडीत गेली.

म्हणून आपण गाडी चालू ठेवतो आणि निर्धास्त होतो. पण इंजिन बंद पडलं, तेल संपलं, मुलानं किल्ली फिरवली किंवा बटण दाबलं, की एसी गेलाच. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या ज्या गाड्या आहेत, त्यांत ड्रायव्हर उतरल्यावर बंद झालेलं इंजिन परत सुरू होईलच असं नाही. त्यानंतर वर सांगितलेली १० मिनिटं मोजायला लागायची, आणि तुम्हाला दुकानात त्याचा पत्ताही नसतो.

दुसरी गोष्ट मला त्या मामांनी शिकवली. बंद गाडी आपण गिअरमध्ये टाकून उभी करू शकतो. गिअरवाली चालू गाडी न्यूट्रललाच ठेवावी लागते, म्हणजे तिला धरून ठेवतो तो फक्त हॅन्डब्रेक. त्याचं बटण दाबून दांडा खाली करायला चार वर्षांच्या पोराची ताकद पुरते, आणि आपल्याला रोज तसं करताना त्यानं बघितलेलं असतं. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या उतारावर काय होईल याची कल्पना करा. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय गिअर पडत नाही हे खरं, पण पायाशी उभं राहिलेलं मूल ब्रेकवरच उभं असतं. बटणानं सुरू होणाऱ्या गाडीत किल्ली तुमच्या खिशात असली तरी इंजिन चालूच राहतं, त्यामुळे ‘किल्ली माझ्याकडे आहे’ या समाधानात दम नाही.

मग खिडक्या. गाडी चालू म्हणजे काचांची बटणं चालू. मूल डोकं बाहेर काढतं, गुडघा बटणावर पडतो आणि काच वर येते. मध्ये काही आलं की थांबणारी काच बऱ्याच गाड्यांत फक्त ड्रायव्हरच्या दाराला असते. खिडक्या लॉक करायचं बटण दाबलं तर मागच्या बटणांचा प्रश्न सुटतो, पण ड्रायव्हरकडची बटणं तरीही चालतात. आणि मूल जाऊन बसतं ते नेमकं तिथेच.

धुराचं फार कोणाच्या लक्षात येत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बंद शेडमध्ये, अपार्टमेंटच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा सायलेन्सर फुटलेला असताना गाडी चालू ठेवून कोणालाच आत बसवू नये. मोठ्यांनाही नाही. मूल फक्त पेंगुळल्यासारखं दिसतं, आणि आपल्याला वाटतं, बरं झालं, झोपलं.

शिवाय चालू गाडी पळवणं चोराला सोपं. त्याला मागचं पोरगं दिसतं तेव्हा गाडी कावळा नाका ओलांडून हायवेला लागलेली असते.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२६ सरळ आहे: सार्वजनिक जागी गाडी उभी करायची तर ड्रायव्हरच्या सीटवर लायसन्सवालं माणूस हवं, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा.

मग करायचं काय

१. घरातून निघतानाच ठरवा. भर रस्त्यात डबल पार्किंग केल्यावर चांगले विचार सुचत नाहीत. दूध, औषध, पार्सल ही कामं मुलाला सोडल्यावर करा, किंवा त्याला घ्यायच्या आधी. दोघं मोठे असाल तर एकानं गाडीत थांबायचं. ‘मोठं’ म्हणजे गाडी चालवता येणारं माणूस. नऊ वर्षांची ताई त्यात बसत नाही, तिच्यावर ती जबाबदारी टाकूही नका. दुकानदाराला आधी फोन करून ठेवला तर पोरगा सामान गाडीपाशी आणून देतो. आपल्याकडे याला कोणी नाही म्हणत नाही, फक्त आपण विचारत नाही.

२. उतरायचा क्रम पक्का करा. गाडी गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये), हॅन्डब्रेक, इंजिन बंद, किल्ली खिशात, मूल कडेवर, मग दार लॉक. झोपलेलं असलं तरी. रडलं तर रडू दे, पाच मिनिटांत परत झोपतं. महाद्वार रोडला दिवाळीची खरेदी असेल तर गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगला लावून सगळ्यांनी चालतच जावं. त्या गर्दीत गाडीपाशी लवकर परत येता येत नाही.

३. मागे काहीतरी स्वतःचं ठेवा. अनेक दुर्घटनांमध्ये मूल मुद्दाम ठेवलेलं नसतं, विसरलेलं असतं. रोज बायको बालवाडीला सोडते, आज नवऱ्याकडे काम आलं, मूल मागे झोपलं आणि गाडी सवयीनं शिरोलीला कंपनीच्या गेटवर पोचली. आमच्याकडे असं होणार नाही म्हणणाऱ्या माणसानं आपण चष्मा किती वेळा शोधतो ते आठवावं. ऑफिसची बॅग किंवा फोन मागच्या सीटखाली ठेवला की उतरताना मागचं दार उघडावंच लागतं. आणि बालवाडीच्या बाईंना सांगून ठेवा: न कळवता मूल आलं नाही, तर पंधरा मिनिटांत फोन करा.

४. दारातली गाडीही लॉक ठेवा. नागपूरची आणि विजयनगरमची मुलं उभ्या गाडीत गेली, कोणी इंजिन चालू ठेवलं नव्हतं. सुट्टीत वाड्यात लपाछपी रंगते आणि उघडी गाडी ही फार झकास जागा असते. किल्ली मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंच खुंटीवर टांगा. मूल दिसेना झालं तर शेजारीपाजारी विचारत बसण्याआधी गाड्या बघा, डिकीसकट. पाण्याची टाकी आणि विहीरही त्याच वेळी.

५. मुलाला दोन गोष्टी शिकवा. पुढच्या दाराचं आतलं हॅन्डल ओढायचं, आणि हॉर्न दाबत राहायचं. चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर मागची दारं आतून उघडत नाहीत, म्हणून पुढे यायला शिकवावं लागतं. आपल्या गाडीत हॅन्डल एकदा ओढून दार उघडतं की दोनदा, आणि बंद गाडीत हॉर्न वाजतो की नाही, हे एका रविवारी बसून तपासा. आमची लेक आता प्रत्येक पाहुण्याला हे करून दाखवते. हॉर्नचा भाग तिला विशेष आवडतो.

६. मूल आत अडकलं तर. आधी चाकांना दगड. मग आवाज खाली आणून मुलाशी बोला आणि हॅन्डल दाखवा. दुसरी किल्ली घरी असेल तर ती आणायला दुसऱ्याला पाठवा, तुम्ही काचेपासून हलू नका. एसी बंद पडला असेल, मूल घामानं भिजलेलं, लालबुंद, सुस्त दिसत असेल किंवा हाकेला ओ देत नसेल, तर किल्लीची वाट बघू नका. मुलापासून लांबची बाजूची काच फोडा. जड, टोकदार वस्तूनं कोपऱ्यात घाव घाला, मधोमध नाही. पुढच्या मोठ्या काचेच्या नादी लागू नका, दोन थरांमध्ये पापुद्रा असतो, ती तडकते पण सुटत नाही. एकानं काच फोडावी, दुसऱ्यानं ११२ ला फोन लावावा.

बाहेर काढलं की सावली, कपडे सैल करा किंवा काढा, अंगावर साधं पाणी, वारा घाला. शुद्धीवर असेल तरच पाणी घोट-घोट पाजा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळ असेल त्या दवाखान्यात, आणि वाटेतही ओलं फडकं चालू ठेवा.

७. दुसऱ्याच्या गाडीत मूल दिसलं तर. आधी हाक द्या, शेजारच्या दुकानात विचारा, गाडीचा नंबर मोठ्यानं सांगा. मूल ठीक असेल तर पालक येईपर्यंत तिथेच उभे राहा. येणारा माणूस बहुधा चिडलेलाच असतो, ‘आमचं पोरगं आहे, तुम्हाला काय?’ म्हणेल. म्हणू दे. मूल ठीक नसेल तर ११२ लावा आणि काच फोडा. मोठं नुकसान टाळण्यासाठी, वाईट हेतू न ठेवता केलेल्या अशा कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम १९ संरक्षण देतं.

काच फोडायला चाकाचा पाना उत्तम. फक्त तो डिकीत ठेवलेला असतो, आणि सगळी गाडी लॉक झाली की डिकीही लॉकच. मी दुसरा एक घेऊन पार्किंगच्या वॉचमन काकांच्या टेबलाखाली ठेवलाय. त्यांनी विचारलं, हा कशाला? सांगितलं.