घरी ग्रीक ब्रंच करताय? मग या चुका टाळा

ग्रीक ब्रंच फसतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. काकडीचं पाणी, दह्याचं, पालकाचं, टोमॅटोचं. ऑलिव्ह ऑइल कुठलं आणायचं वगैरे नंतर बघा.

त्झात्झिकी, म्हणजे ग्रीकांची दही-काकडी, पातळ होते कारण आपण कोशिंबिरीसारखी काकडी किसून सरळ दह्यात ढकलतो. किसलेल्या काकडीला मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवा आणि मग मुठीत धरून पिळा, थेंब पडायचा थांबेपर्यंत पिळा. दही ताजं घ्या, श्रीखंडाच्या चक्क्यासारखं रात्रभर फडक्यात बांधून, पण फ्रिजमध्ये. लसूण, थोडं व्हिनेगर, ऑलिव्ह ऑइल आणि शेपू, आपला शेपू वासाला उग्र असतो म्हणून हात आखडता ठेवा.

स्पॅनाकोपिताचं, म्हणजे पालक-चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पायचं, बूड ओलं राहतं तेही यामुळेच, पालक परतून गार करा आणि घट्ट पिळा. मीठ आधी घालूच नका, फेटा चीज मिठाच्या पाण्यात मुरलेलं असतं, सारण चाखा मग ठरवा. फारच खारट निघालं तर चीज वीस मिनिटं साध्या पाण्यात ठेवा. आणि पाकिटावर गायीचं दूध लिहिलंय का बघा, 2002 पासून युरोपात फेटा हे नाव फक्त ग्रीसमधल्या मेंढीच्या दुधाच्या चीजलाच मिळतं, त्यात शेळीचं दूध फार तर 30 टक्के चालतं.

फिलोचं, म्हणजे या पायच्या कागदासारख्या पातळ पिठाच्या शीट्सचं, मात्र उलटं, तिथे कोरडेपणा नडतो. पाकीट न उघडता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, उघडल्यावर शीट्स ओलसर कापडाखाली झाका, नाहीतर थोड्याच वेळात कडक होऊन हातात तुकडे येतात, आणि प्रत्येक शीटला बटर किंवा तेल लावायचा कंटाळा करू नका. वरच्या पापुद्र्यांवर चौकोन भाजायच्या आधीच कापा, नंतर नुसता चुरा होतो. 180 डिग्रीला साधारण 40-45 मिनिटं. बूड तरीही ओलं वाटलं तर ओव्हनच्या खालच्या रॅकवर अजून दहा मिनिटं, मायक्रोवेव्ह अजिबात नको.

सॅलडमध्ये लेट्यूस नको प्लीज! टोमॅटो, काकडी, कांदा, ढोबळी मिरची, ऑलिव्ह, वर फेटाचा अख्खा तुकडा आणि ओरेगानो, बास. इथे पाणी सुटलं तर उलट चांगलंच, तो तेल-टोमॅटोचा रस ब्रेडने टिपून खातात.

कायानासाठी, म्हणजे टोमॅटोतल्या ग्रीक भुर्जीसाठी, टोमॅटो किसून पाणी पूर्ण आटू द्या, मगच अंडी फोडा, आणि तीही सगळे टेबलावर बसल्यावर. स्पॅनाकोपिता कोमट चालतो, अंडी थांबत नाहीत.