लिनक्स टाकलं, पण वायफायच दिसत नाही?

वायफायचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) नाही म्हणून नेट नाही, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही. ब्रॉडकॉम कंपनीच्या काही वायफाय चिपवर हे हमखास होतं. हाताशी अँड्रॉइड फोन असेल तर हा पेच लगेच सुटतो.

१. फोन केबलने लॅपटॉपला जोडा. केबल डेटा नेणारी हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही.
२. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला ते वायरचं नेटवर्क वाटतं, वेगळा ड्रायव्हर बहुधा लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट पुढे जातं, मोबाइल डेटा खर्च होत नाही.
३. तुमचं लिनक्स उबुंटू असेल तर ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’, मिंट असेल तर ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा, सुचवलेला ड्रायव्हर निवडा आणि मशीन रीस्टार्ट करा.

सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खात्री नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर मधेच एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो लिहून ठेवा. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्या. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलंत तर ड्रायव्हर असूनही वायफाय बंदच राहील.