व्हायरल तापात सप्लिमेंटवर विसंबताय? या चुका टाळा

"दोन दिवस झिंक आणि व्हिटॅमिन सी घेऊन बघू, नाहीच उतरला ताप तर डॉक्टर." सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. फ्लूवरचं ओसेल्टामिविर पेशीत तयार झालेले नवे विषाणू बाहेर सुटू देत नाही, म्हणून लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलं तर त्याचा जास्त उपयोग. 'बघू' म्हणण्यात नेमके तेच तास जातात. धडधाकट माणसाला साध्या सर्दीत यातलं काहीच लागत नाही. पण पासष्टीपुढचे, गरोदर, मधुमेही, दमेकरी यांनी वाट बघू नये.

नागिणीत तर हे ठरलेलंच. कमरेच्या एका बाजूला आग होते, कपडा लागला तरी सहन होत नाही; माणूस बी१२ चालू करतो. मग त्याच पट्ट्यात पाणीदार फोड उठतात, कुणीतरी लायसिन (अमिनो आम्लाची सप्लिमेंट) सुचवतं. डॉक्टरकडे पोचेपर्यंत पाचवा दिवस उजाडलेला असतो, आणि नागिणीवरचं विषाणूविरोधी औषध व्हॅलासायक्लोव्हिर पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू करायचं असतं. त्यानंतरही डॉक्टर ते देऊ शकतात, पण हातची वेळ गेलेली असते. ताप किंवा पुरळ कधी सुरू झालं, तो वार आणि वेळ लगेच कागदावर लिहा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात आणि घरात कुणालाच नीट आठवत नसतं.

दुसरी चूक बेरजेची. मल्टिव्हिटॅमिनमध्ये झिंक, चघळायच्या गोळीत झिंक, 'इम्युनिटी'च्या गोळीत पुन्हा झिंक. प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा ४० मिलिग्रॅम, तीही शुद्ध झिंकची. लेबलवर २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेट असेल तर त्यात झिंक सुमारे ५० मिलिग्रॅम, म्हणजे एका गोळीतच मर्यादा ओलांडली. आठवडाभरात काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने चाललं की शरीरातलं तांबं घटतं, रक्त कमी होतं, पाय बधिर पडतात. सगळ्या बाटल्या टेबलावर मांडा आणि पेनाने बेरीज करा. अंदाजपंचे नको.

६०,००० युनिटचं व्हिटॅमिन डी बहुधा आठवड्याला एक असतं. लवकर बरं व्हायचं म्हणून रोज घेणारे उतावळे कमी नाहीत. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो.

आता बाकीच्या चुका. झिंक नाकात घालू नका, वास कायमचा जाऊ शकतो. सर्दी झाल्यावर सुरू केलेल्या व्हिटॅमिन सीचा खात्रीचा फायदा दिसलेला नाही. एचआयव्हीवरचं डोल्युटेग्राविर झिंकच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्या, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. कोविडवरच्या निरमाट्रेलविर-रिटोनाविरसोबत सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पतीची सप्लिमेंट अजिबात नको, औषध रक्तात टिकत नाही. बायोटिन (केसा-नखांसाठी घेतलं जाणारं व्हिटॅमिन) चालू असेल तर तपासणीसाठी रक्त देण्याआधी सांगा, थायरॉइडचे आकडे फसवे येतात.

आणि ताप उतरून पुन्हा चढला, धाप लागली किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला, तर बाटल्यांची बेरीज राहू द्या, त्याच क्षणी दवाखाना गाठा.